दहा मिनिटांची गोष्ट आणि दीड तासाचा चित्रपट

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने सादर केलेले दहा मिनिटांचे प्रहसन वाचकांपैकी काहींच्या स्मरणात असेल. एका विसरभोळ्या पोस्टमनची ती गंमत होती. सभागृहात हशा झाला, टाळ्या पडल्या आणि त्या टाळ्या आमच्या डोक्यात गेल्या. हेच प्रहसन वाढवून एकांकिका स्पर्धेत उतरवायचे असे ठरले. पोस्टमनला एक बायको दिली, बायकोला एक भाऊ दिला, भावाला थोडी उधारी दिली. विसरण्याचे प्रसंग तीन होते, ते नऊ केले. चाळीस मिनिटांची संहिता तयार झाली. स्पर्धेच्या दिवशी पहिली दहा मिनिटे प्रेक्षक हसले. पुढची दहा मिनिटे त्यांनी हसण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. उरलेल्या वीस मिनिटांत रंगमंचावर उभे राहणे आम्हालाच जड झाले. निकालानंतर परीक्षकांपैकी एकांनी आम्हाला जवळ बोलावले आणि शांतपणे विचारले, "अरे, तुम्ही गोष्ट वाढवलीत की नुसती लांबवलीत?"

तो प्रश्न मनातून जाईना. त्याचे उत्तर मात्र अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडले. दिवाळीच्या सुट्टीत धाकटा भाऊ दूरचित्रवाणीवर 'डोरेमॉन'चा एक संपूर्ण चित्रपट पाहत होता. अभ्यासाला दहा मिनिटे एका जागी न बसणारा हा मुलगा दीड तास हलला नाही, आणि शेवटी कोणाला दिसू नये अशा बेताने त्याने डोळे पुसले. एरवी तो याच मालिकेचे छोटे भाग जेवताना, भांडताना, अर्धे लक्ष देऊन पाहतो. तीच पात्रे, तेच घर, तीच निळी मांजर. मग या दीड तासात असे काय वेगळे घडले? जे आम्हाला एका पोस्टमनच्या बाबतीत साधले नाही ते या मंडळींना कसे साधले?

कथेवरून नाटक, कादंबरीवरून चित्रपट अशा माध्यमांतरांचा अभ्यास आपण वर्गात करतो. मुलांच्या कार्टून मालिकेवरून निघालेल्या चित्रपटाला मात्र आपल्या चर्चेत सहसा जागा मिळत नाही. वास्तविक रचनेच्या दृष्टीने हे माध्यमांतर अधिक अवघड आहे. कादंबरीचा चित्रपट करताना कापावे लागते. मालिकेचा चित्रपट करताना वाढवावे लागते. प्रस्तुत लेखात मुख्यतः एका जपानी चित्रपटाच्या आधारे, आणि तुलनेसाठी आणखी दोन-तीन उदाहरणे घेऊन, या वाढीचे नियम शोधण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे.

मालिकेचा अलिखित करार

प्रत्येक बालमालिका आपल्या प्रेक्षकाशी एक अलिखित करार करते. आज काहीही घडो, उद्या सर्व काही जागच्या जागी असेल, असा तो करार. 'डोरेमॉन'मधला नोबिता परीक्षेत नापास होतो, दांडगट जियान त्याला बडवतो, श्रीमंत सुनियो त्याला खिजवतो. रडत घरी आलेल्या नोबितासाठी भविष्यकाळातून आलेला डोरेमॉन आपल्या पोटावरच्या खिशातून एखादे अद्भुत साधन काढतो. नोबिता त्याचा अतिरेक करतो आणि स्वतःच तोंडघशी पडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच शाळा, तोच नापास, तोच मार. नोबिता मोठा होत नाही आणि शहाणाही होत नाही. तो शहाणा झाला तर मालिका संपेल.

हा दोष नव्हे. लहान मुलाला 'चिमणी आणि कावळ्याची' गोष्ट रोज तीच आणि तशीच हवी असते. आजीने एखादा शब्द बदलला तर ते तिला अडवते. पुनरावृत्तीतला हा आनंद खरा आहे, आणि दहा मिनिटांच्या भागाची सारी शक्ती त्यातच आहे.

चित्रपटाची मागणी नेमकी याच्या उलट असते. अ‍ॅरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त कथानकाला आदी, मध्य आणि अंत असावा असे सांगितले, हे आपण सर्वांनीच परीक्षेत लिहिले आहे. परंतु त्याच ग्रंथात त्याने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती येथे अधिक उपयोगी पडते. ज्या कथानकात प्रसंगामागून प्रसंग येतात पण एकातून दुसरा अपरिहार्यपणे निघत नाही, ते कथानक सर्वांत हीन प्रतीचे, असे त्याचे मत आहे. मालिकेचे नऊ भाग एकापुढे एक जोडले तर दीड तास भरतो, चित्रपट होत नाही. आमच्या पोस्टमनने नऊ वेळा विसरून हेच सिद्ध केले.

तेव्हा प्रश्न असा : ज्या जगात काहीच कायमचे बदलत नाही, त्या जगात कायमचे काही घडवायचे कसे? आणि घडवल्यानंतर पुढच्या आठवड्यात मालिका पुन्हा पहिल्यासारखी चालवायची कशी?

बीजाची निवड

'डोरेमॉन' ही मूळची चित्रकथा. ती १९६९ च्या अखेरीस जपानमधील मुलांच्या मासिकांतून सुरू झाली. फुजिको फुजियो हे टोपणनाव त्या वेळी हिरोशी फुजिमोतो आणि मोतो आबिको या दोन बालमित्रांचे संयुक्त नाव होते. 'डोरेमॉन' हे त्यांपैकी फुजिमोतो यांचे काम. १९७३ मध्ये तिची पहिली दूरचित्रवाणी मालिका आली, पण ती सहा महिन्यांतच बंद पडली. एप्रिल १९७९ मध्ये टीव्ही आसाही या वाहिनीवर शिन-एई अ‍ॅनिमेशन या संस्थेने केलेली दुसरी मालिका सुरू झाली. आरंभी सोमवार ते शनिवार रोज दहा मिनिटांचा भाग असे तिचे स्वरूप होते. ही मालिका विलक्षण लोकप्रिय झाली आणि वर्ष पुरे होण्याच्या आतच, १५ मार्च १९८० रोजी, तिच्यावरचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट पडद्यावर आला. 'नोबिताचा डायनासोर' हे त्याचे नाव. दिग्दर्शक हिरोशी फुकुतोमी. लांबी ९२ मिनिटे. मार्च महिना अशासाठी की जपानमध्ये शालेय वर्ष त्या महिन्यात संपते आणि मुलांना सुट्टी लागते. जोडीला 'मॉथ्रा विरुद्ध गॉडझिला' हा जुना राक्षसपट दाखवला जात असे, म्हणजे एका तिकिटात दोन चित्रपट.

दहा मिनिटांच्या रोजच्या खुराकाची सवय लागलेल्या मुलासमोर ९२ मिनिटांचे कथानक ठेवायचे होते. फुजिमोतो यांनी त्यासाठी नवे कथानक न रचता आपलीच एक जुनी छोटी गोष्ट निवडली. ही निवड अभ्यासण्यासारखी आहे.

१९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या गोष्टीचे बीज असे : सुनियो आपल्याकडचा डायनासोरचा अवशेष मित्रांना दाखवून मिरवतो. नोबिताला पाहायलाही मिळत नाही. चिडून तो गर्जना करतो, की मी सबंध डायनासोरच शोधून दाखवीन, नाहीतर नाकाने शेवया खाईन. शोधता शोधता त्याला अंड्याच्या आकाराचा एक दगड सापडतो. डोरेमॉनच्या 'कालवस्त्रा'त तो गुंडाळताच दगडाचे पुन्हा अंडे होते. नोबिता ते पांघरुणात घेऊन ऊब देतो. त्यातून लांब मानेचा एक जलचर जीव जन्मतो. नोबिता त्याचे नाव ठेवतो पीसुके. त्याला लपवून वाढवतो. पण पीसुके मोठा होत जातो, लपवणे अशक्य होते आणि शेवटी नोबिता त्याला काळयंत्रातून त्याच्या मूळ काळात सोडून येतो.

नोबिताच्या इतर शेकडो गोष्टींमध्ये डोरेमॉनच्या साधनाचा परिणाम शेवटी पुसला जातो. या गोष्टीत मात्र एक जीव जन्माला आला आहे. तो पुसता येत नाही. हट्टापायी केलेल्या एका बढाईतून जबाबदारी उत्पन्न झाली आहे, आणि ज्याला स्वतःचे दप्तर सांभाळता येत नाही अशा मुलावर ती पडली आहे. दीड तासाचे ओझे पेलणारे बीज ते हेच. मालिकेतील सर्वांत गमतीदार भाग निवडला असता तर आमच्या पोस्टमनची गत झाली असती.

येथे जाता जाता एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. नोबिताचा हा शोध निव्वळ कल्पनेतला नाही. १९६८ मध्ये जपानच्या फुकुशिमा विभागात तादाशी सुझुकी या शाळकरी मुलाला अशाच लांब मानेच्या सागरी सरीसृपाचे अवशेष सापडले होते, आणि पीसुके त्याच जातीचा दाखवला आहे. शास्त्रदृष्ट्या हा प्राणी डायनासोर नव्हे. तो प्लेसिओसॉर या वेगळ्या गटातला. पण एका शाळकरी मुलाला खरोखरच असे काही सापडले होते, हे तेव्हाच्या जपानी मुलांना ठाऊक होते. बढाईला वास्तवाचा आधार होता.

'पुढे काय झाले?' हा प्रश्न

मूळ गोष्ट निरोपाशी संपत होती. चित्रपटात हा निरोप कथेच्या मध्याच्याही आधी येतो. मग उरलेला वेळ कशाने भरला?

नवे पात्र किंवा नवे संकट बाहेरून आणण्याआधी लेखकाने मूळ गोष्टीलाच एक साधा प्रश्न विचारला : पीसुकेला सोडून आल्यानंतर त्याचे काय झाले? आणि उत्तर असे दिले, की त्याला चुकीच्या जागी सोडले. काळ बरोबर होता, पण प्रवासात झालेल्या हल्ल्यामुळे जागा चुकली. जपानच्या समुद्राऐवजी पीसुके उत्तर अमेरिकेत पोहोचला आहे आणि तेथील वेगळ्या जातीचे प्राणी त्याला आपल्यात घेत नाहीत. म्हणजे नोबिताने केलेले चांगले कामही अपुरे ठरले. आता चूक सुधारायला हवी; आणि या वेळी शिझुका, जियान, सुनियो हे तिघेही सोबत निघतात. परंतु यंत्र बिघडते. काळात पुढे-मागे जाता येते, पण जागा बदलता येत नाही. घरी परतण्याचे दार म्हणजे नोबिताच्या टेबलाचा खण, आणि तो जपानमध्ये. तेव्हा पीसुकेला घेऊन, त्या प्राचीन भूमीवरून, अमेरिकेपासून जपानपर्यंतचा प्रवास करण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून कशी निघते पाहा. बढाईमुळे शोध, शोधामुळे अंडे, अंड्यामुळे माया, मायेमुळे निरोप, निरोपातल्या चुकीमुळे प्रवास. पीसुके माणसाळलेला आहे म्हणूनच डायनासोर पकडून विकणारे शिकारी त्याच्या मागे लागतात. म्हणजे खलनायकदेखील नोबिताच्या मायेचाच परिणाम आहे! वाढवणे आणि लांबवणे यांतला फरक इथे स्पष्ट होतो. लांबवताना आपण 'आणखी काय घालता येईल?' असे विचारतो. वाढवताना 'यातून काय निघेल?' असे विचारावे लागते. पहिल्या प्रकारात आमटीत पाणी पडते, दुसऱ्या प्रकारात बियाला कोंब फुटतो.

खिशाला घातलेली मर्यादा

रचनेची दुसरी अडचण अधिक नाजूक होती. डोरेमॉनच्या खिशातून काहीही निघू शकते. दहा मिनिटांच्या विनोदात ही सोय आहे; दीड तासाच्या साहसात तीच आपत्ती आहे. हवे ते साधन हवे तेव्हा निघत असेल तर धोका कसला आणि उत्कंठा कसली?

म्हणून चित्रपटात अद्भुताला मर्यादा घातल्या आहेत. काळयंत्र बिघडलेले आहे. डोक्यावर लावून उडण्याची भिरभिरी आहेत, पण त्यांची विद्युत्शक्ती संपत येते, त्यामुळे ती पुरवून पुरवून वापरावी लागतात. मुलांना पायी चालावे लागते, थकावे लागते, घराची आठवण काढावी लागते. जादू संपते तेथे माणसाचे गुण सुरू होतात, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. आपल्या लोककथांतही राजपुत्राला मिळालेली जादूची वस्तू ऐन वेळी हरवते किंवा तिला एखादी अट असते. ही अटच कथेला कथापण देते.

जियानचे दुसरे रूप

मालिकेतील पात्रे एकरंगी असतात आणि तशीच असावी लागतात. जियान म्हणजे दांडगाई, सुनियो म्हणजे फुशारकी. परंतु एकरंगी पात्रांसह दीड तास काढणे कठीण. त्याचबरोबर ती पात्रे ओळखू येणार नाहीत इतकी बदलली तर मुले रुसतील.

यावर काढलेला उपाय जियानच्या बाबतीत पाहावा. प्रवासात त्याचे भिरभिरे बंद पडते आणि तो कोसळू लागतो. नोबिता, ज्याला त्याने आयुष्यभर बडवले, तो त्याचा हात धरतो आणि सोडत नाही. पुढे शिकारी सांगतो, की पीसुकेला माझ्या हवाली करा, मी तुम्हाला सुखरूप घरी पोहोचवतो. सुनियोचे मन डळमळते, आणि ते स्वाभाविकच आहे. त्याला घरी जायचे आहे. अशा वेळी जियान नोबिताच्या बाजूने उभा राहतो आणि चालत जायचे ठरवतो.

हा बदल खोटा वाटत नाही, कारण जियानचा मूळ स्वभाव यात बदललेलाच नाही. तो हट्टी होता, हट्टीच राहिला. फक्त त्या हट्टाला आता चांगले कारण मिळाले. दांडगाई आणि निष्ठा ही एकाच स्वभावाची दोन टोके आहेत, हे मालिकेच्या दहा मिनिटांत दिसण्याची सोय नव्हती. चित्रपटाने पात्र बदलले नाही, तर त्याची आपल्याला न दिसलेली बाजू दाखवली. माध्यमांतरात व्यक्तिरेखेशी कसे वागावे याचा याहून सोपा धडा मला अन्यत्र मिळालेला नाही.

परतीचा प्रश्न

आता मघाच्या प्रश्नाचा दुसरा भाग. चित्रपट संपला की मालिका पूर्ववत सुरू राहायला हवी. सोमवारी जियानने पुन्हा नोबिताला मारले पाहिजे!

याचे उत्तर आहे पीसुके. तो पाहुणा आहे. मालिकेत तो नव्हता आणि पुढेही नसेल. कायमचे जे काही घडायचे ते सारे त्याच्या वाट्याला येते. त्याला त्याच्या समुद्रात सोडून मुले खणाच्या वाटेने घरी परततात. घर, शाळा, आई, सर्व जागच्या जागी आहे. करार मोडलेला नाही. पण ताटातूट झाली आहे आणि ती खरी आहे, हे पाहणारे मूल जाणते. नोबिता बाहेरून तसाच राहिला, आतून मात्र काही हरवून आला. माझ्या भावाने डोळे पुसले ते इथे.

ही युक्ती इतकी यशस्वी ठरली की पुढे बहुतेक दर वर्षी एक चित्रपट निघू लागला, आणि दूरच्या जगातला पाहुणा मित्र, त्याच्यासाठी केलेले साहस आणि शेवटचा निरोप हा एक साचाच बनला. १९९६ मध्ये फुजिमोतो यांचे निधन झाले. त्यानंतरही ही परंपरा इतरांनी चालू ठेवली. २००५ मध्ये मालिकेतले आवाज बदलले, त्या वर्षी चित्रपट आला नाही, आणि २००६ मध्ये नव्या संचाने आरंभ केला तो याच 'नोबिताच्या डायनासोर'ची नवी आवृत्ती काढून. साचा झाला की त्यातला जीव कमी होतो हे खरेच, पण पहिल्यांदा तो साचा नव्हता. एका अडचणीवर शोधलेले ते उत्तर होते.

करार मोडला तेव्हा

याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेतले आहे. १९८४ मध्ये तेथे 'ट्रान्सफॉर्मर्स' ही मालिका सुरू झाली. मोटारीचे यंत्रमानव आणि यंत्रमानवांच्या मोटारी होणारी खेळणी हॅस्ब्रो ही कंपनी विकत होती आणि मालिका त्या खेळण्यांच्या प्रसारासाठीच होती. ऑप्टिमस प्राइम हा त्यातला नायक. धीरगंभीर, न्यायी, वडीलधारा. ऑगस्ट १९८६ मध्ये नेल्सन शिन यांच्या दिग्दर्शनाखाली तिच्यावरचा चित्रपट प्रदर्शित झाला. 'सिटिझन केन'चे दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांनी त्यातील ग्रह गिळणाऱ्या राक्षसाला आवाज दिला होता. १९८५ मध्ये निधन होण्यापूर्वीच्या त्यांच्या अखेरच्या कामांपैकी ते एक.

या चित्रपटात कथा अर्ध्यावर येण्याआधीच ऑप्टिमस प्राइम मरतो. त्याच्यासोबत मालिकेतले इतर अनेक ओळखीचे चेहरेही नाहीसे होतात. कारण कथेत नव्हते, दुकानात होते. जुनी खेळणी काढून नव्या खेळण्यांना जागा करायची होती. चित्रपटगृहांत मुले रडली, पालक चिडले. त्या कंपनीच्याच 'जी. आय. जो' या मालिकेवरील १९८७ च्या चित्रपटात एका नायकाचा मृत्यू ठरलेला होता. तो बदलून तो नुसता बेशुद्ध आहे असे एका वाक्यात सांगण्यात आले. आणि १९८७ मध्येच ऑप्टिमस प्राइमला मालिकेत पुन्हा जिवंत करावे लागले.

मुलांच्या चित्रपटात मृत्यू असू नये असे माझे म्हणणे नाही. 'श्यामची आई' वाचून रडलेल्या आपल्या पिढ्यांनी ते कसे म्हणावे? प्रश्न दुःखाचा नाही, दुःखाच्या कारणाचा आहे. पीसुकेचा निरोप मुलाला पटतो, कारण तो पीसुकेच्या भल्यासाठी आहे. ऑप्टिमसचा मृत्यू पटत नाही, कारण तो कोणाच्या तरी हिशेबाच्या वहीसाठी आहे. आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला हिशेब कळत नसला तरी फसवणूक कळते. तथापि न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे, की याच चित्रपटाला पुढे मोठ्या झालेल्या त्याच मुलांनी जिव्हाळ्याने जपले. जे दुःख त्यांना दिले गेले ते त्यांनी खरे मानले होते.

शब्दाविना पंचाऐंशी मिनिटे

तिसरे उदाहरण इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील आर्डमन संस्थेचे. निक पार्क यांच्या १९९५ च्या 'अ क्लोज शेव्ह' या लघुपटातून जन्मलेल्या शॉन या मेंढ्याची मालिका २००७ मध्ये सुरू झाली. मातीसारख्या लगद्याच्या बाहुल्या किंचित किंचित हलवून एकेक चौकट टिपायची, असे हे काम. दिवसभर राबून एका कलावंताच्या हाती जेमतेम काही सेकंदांचे दृश्य लागते. प्रत्येक भाग साधारण सात मिनिटांचा, आणि त्यात एकही शब्द नाही. शेतकरीसुद्धा नुसता पुटपुटतो.

२०१५ मध्ये मार्क बर्टन आणि रिचर्ड स्टारझॅक यांनी यावर ८५ मिनिटांचा चित्रपट केला, तेव्हा मेंढ्यांना बोलते करण्याचा मोह सहज होण्यासारखा होता. त्यांनी तो टाळला. मालिकेचा जो प्राण, तो ठेवला. बदलले ते दुसरेच. मालिकेत शेतकरी म्हणजे फसवण्यासाठीचा धनी. चित्रपटात एका खोडीच्या परिणामी तो शहरात जाऊन पोहोचतो आणि डोक्याला मार लागून स्मृती गमावतो. एक दिवस सुट्टी मिळावी म्हणून केलेली ती खोडी! आता मेंढ्यांना कळते, की ज्याला आपण रोज चुकवत होतो तो आपल्या घराचा आधार होता. त्याला शोधायला ती शहरात जातात आणि तो त्यांना ओळखत नाही. ज्या नात्याचा मालिकेने सात-सात मिनिटांत विनोदासाठी वापर केला, त्याच नात्याच्या मुळाशी चित्रपट गेला. शब्द नसूनही मोठी माणसे हेलावतात ते त्यामुळे. ऑस्करसाठी उत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटांच्या नामांकनात या चित्रपटाचा समावेश झाला.

आपल्याकडेही याच वाटेने जाण्याचे प्रयत्न झाले आहेत. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड संस्थेची 'छोटा भीम' ही मालिका २००८ पासून घराघरांत पोहोचली आणि २०१२ मध्ये राजीव चिलका यांनी तिच्यावरचा 'द कर्स ऑफ दम्यान' हा चित्रपट पडद्यावर आणला. येथेही ढोलकपूर सोडून मंडळी दूरच्या सोनापूरला जातात. नोबिता प्राचीन काळात, शॉन शहरात, भीम सोनापुरात. घरचा उंबरठा ओलांडणे हे या साऱ्या चित्रपटांतले समान सूत्र दिसते. मात्र नुसते स्थळ बदलून भागत नाही. उंबरठा ओलांडण्याचे कारण पात्राच्या स्वतःच्या कृतीत असेल तर प्रवासाला अर्थ येतो. तसे नसेल तर ती सहल होते.

तात्पर्य

या विवेचनातून चार गोष्टी हाती लागतात असे वाटते. मालिकेतून चित्रपटासाठी बीज निवडताना ज्याचा परिणाम पुसता येणार नाही असे बीज निवडावे. पुढचा प्रत्येक प्रसंग आधीच्या प्रसंगातून काढावा. पात्रे बदलू नयेत, त्यांची न दिसलेली बाजू दाखवावी. आणि मालिकेने मुलाला दिलेला शब्द मोडायचाच असेल, तर तो कथेच्या गरजेसाठी मोडावा, दुकानाच्या गरजेसाठी नव्हे. यांतील चौथी गोष्ट रचनेची नाही, नीतीची आहे. परंतु बालवाङ्मयात या दोहोंना वेगळे करणे कठीण आहे. मूल घरी फुकट पाहते तेव्हा कंटाळा आला तर उठून जाते. चित्रपटगृहात ते अंधारात, आईवडिलांच्या शेजारी, विश्वासाने बसलेले असते. त्या विश्वासाचे काय करायचे, हे ठरवणाऱ्याने ठरवायचे आहे.

आता पुन्हा आमच्या पोस्टमनकडे. यंदा आम्ही त्याच संहितेवर नव्याने बसलो आहोत. बायकोचा भाऊ रजेवर पाठवला आहे. त्याची उधारी माफ केली आहे. नऊ विसरण्यांपैकी आठ कापली. एकच ठेवले : एक पत्र, जे पोहोचायला हवे होते आणि पोहोचले नाही. त्या पत्रात काय होते आणि ते कोणाचे होते यावर सध्या वर्गात जोरदार वाद चालू आहेत. पण पहिल्या वाचनाच्या वेळी विसाव्या मिनिटाला कोणीही घड्याळाकडे पाहिले नाही, एवढे मात्र खरे. त्या परीक्षकांना यंदाच्या प्रयोगाचे आमंत्रण देण्याचा आमचा विचार आहे. पत्र टपालात टाकायला आम्ही विसरलो नाही, तर.